प्रश्न पाचवा, दहा गुण

मूल्यांकन केंद्रातल्या कूलरचा वाळा
दुपारी तीनलाच कोरडा पडतो.
श्रावण उईके बादली ओततो, म्हणतो,
"म्याडम, आज पंचेचाळीस हाये, उद्या अजून चढते."
माझ्यापुढे एकशे अठरा उत्तरपत्रिका.
दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने युरोपला केलेली मदत
हे दान होते की कर्ज? सकारण चर्चा करा.

प्रश्न मीच काढला होता,
जानेवारीत, स्वेटर घालून.
तेव्हा सोपा वाटला होता.

एकाने लिहिलंय, दान. गाइडमधले तीन मुद्दे, खाली रेघा.
एकाने लिहिलंय, धंदा,
कारण उपाशी गिऱ्हाईक काय विकत घेणार?
एकीने सुरुवातच फ्रान्सपासून केलीय :
"सर" (तिच्या मते पेपर तपासणारा पुरुषच असतो),
"आधी फ्रान्सने अमेरिकेला जहाजं दिली, दारूगोळा दिला,
स्वतःचा खजिना रिता केला.
ते खातं कुणी बंद केलं?"
समासात मी प्रश्नचिन्ह काढलं,
मग खोडलं.
अंतर मोजायला आमच्या गावात एक दगड तरी आहे, शून्य मैलाचा.
उपकार कुठून मोजायचे?

सकाळी तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर पेपरात तेच.
तिकडचे म्हणतात, आम्ही नसतो तर तुम्ही नसता.
इकडचे म्हणतात, तुमची पोरं आमच्या किनाऱ्यावर पुरली आहेत,
आम्ही दरसाल फुलं वाहतो,
पण त्या क्रुसांवर नुसती नावं आहेत,
रक्कम नाही.
तर्रीचा थेंब नेमका त्या बातमीवर पडला.

क्रमांक सत्त्याहत्तर. घामाने फुटलेली शाई.
"माझ्या मोठ्या मामांनी माझी फी भरली.
दर लग्नात पंगतीला बसलो की ते हे सांगतात.
वाढणारा थांबतो, माझा वडाभात गार होतो.
गेल्या खेपेला मामा निवडणुकीला उभे होते.
मी मत दुसऱ्याला दिलं.
त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही,
पण तेव्हापासून मला त्यांच्या घरचं पाणी उतरत नाही.
म्हणून युरोपला काय वाटत असेल ते थोडं कळतं.
अमेरिकेचं कळत नाही,
कारण मी अजून कुणाची फी भरलेली नाही."

पेन खाली ठेवलं.

पाचपावलीत, रेशनच्या रांगेत, मिलो मिळायची.
लालभडक. आई थापायची आणि भाकर तव्यावर फाटायची.
धान्याचं पोतं मात्र पांढरं, कापडी,
त्यावर एकमेकांत गुंतलेले दोन हात.
बाबा एम्प्रेस मिलमध्ये साच्यावर होते.
त्यांनी ते कापड चिमटीत धरून पाहिलं, म्हणाले,
"सूत चांगलं आहे."
एवढंच. आशीर्वाद नाही, शिवी नाही.
आईने त्याची पिशवी शिवली माझ्या पाटीसाठी.
एकाहत्तरच्या डिसेंबरात
त्याच देशाचं आरमार बंगालच्या उपसागरात आलं,
मास्तर वर्गात नकाशावर छडी ठेवून सांगत होते,
आणि मी पिशवी उलटी करून मांडीवर घेतली,
हात आत, शिवण बाहेर.
धुऊन धुऊन त्यातला एक हात आधी पुसला गेला.
देणाऱ्याचा की घेणाऱ्याचा,
तसंही कधी ओळखू येत नव्हतं.

आदर्श उत्तर समोर आहे : चार मुद्दे, प्रत्येकी दोन गुण,
निष्कर्षाला दोन.
सत्त्याहत्तरमध्ये एकही मुद्दा नाही, सनसुद्धा नाही.
मी सात लिहिले.
वर मॉडरेटर बोंदरे आहेत, कापतील. कापोत.

श्रावण चहा घेऊन आला. मी पर्स उघडली.
"राहू द्या जी, कालचा तुमचा होता."
"अरे, पण मी काही परत..."
"मले मालूम हाये," म्हणाला,
आणि कप उत्तरपत्रिकांपासून लांब ठेवून
बादली भरायला गेला.